फ्लो रॅप मशीनवर साबणाच्या पाउचचे टोकाचे सील उघडते, मदत हवी आहे

सागरकन्या_रत्नागिरी
आमच्या साबणाच्या युनिटमधील फ्लो रॅप मशीन (रोलवरची फिल्म वडीभोवती गुंडाळून पाउच सील करणारे यंत्र) दोन वर्षे विनातक्रार चालले; पण गेल्या आठवड्यापासून दर दहा-बारा पाउचांमागे एकाचे टोकाचे सील उघडते. बोटाने हलकेच दाबले तरी दात उमटलेली पट्टी सुटते आणि साबणाचा कोपरा बाहेर येतो. जॉचे, म्हणजे टोकाचे सील दाबणाऱ्या गरम जबड्याचे, तापमान 145 वरून 160 अंशांवर नेले, तरी फरक पडला नाही. सोमवारी ऑर्डर पाठवायची आहे, कृपया लवकर उपाय सांगावा.

यंत्रमित्र
ताई, फिल्म कोणती, वेग किती, साबण यंत्रावरचा की हाताने कापलेला, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. तापमान वाढवत जाऊ नका. जास्त उष्णतेने बीओपीपी (पाउचची प्लॅस्टिक फिल्म) आकसते आणि सील आणखी बिघडते.

दमटहवा
हा पावसाळ्याचा परिणाम आहे. साबणातले ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेते, साबणाला घाम येतो आणि तो ओलावा सीलच्या जागी लागला की फिल्म चिकटत नाही. आम्ही साबण चारऐवजी सहा आठवडे वाळवू लागलो आणि हा त्रास कायमचा गेला.

यंत्रमित्र
घाम आला असता तर त्या दिवशीचे बहुतेक पाउच बिघडले असते, दहांत एक नव्हे. आधी साबण न घालता पन्नास पाउच काढून पाहा. तेही उघडले तर दोष जॉमध्ये किंवा फिल्ममध्ये आहे. ते टिकले तर साबणाकडे बघावे लागेल.

दमटहवा
रिकाम्या पाउचला ओलावा लागणारच नाही, त्यामुळे ते टिकले म्हणून माझे म्हणणे खोटे ठरत नाही.

कागदीवेष्टन
हाताने बनवलेल्या साबणाला प्लॅस्टिक कशाला? आम्ही कागदी पट्टी गुंडाळतो आणि ग्राहकांना तेच आवडते.

सागरकन्या_रत्नागिरी
फिल्म नेहमीचीच आहे, 35 मायक्रॉनची छापील पर्ल बीओपीपी; वेग मिनिटाला 60. साबण तारेने हातानेच कापतो. रिकामे पन्नास पाउच काढले, एकही उघडले नाही. संबंध नसेल असे वाटून सांगितले नव्हते, पण या महिन्यापासून आम्ही 75 ऐवजी 100 ग्रॅमची वडी करतो. लांबी 70 आणि रुंदी 50 मिमी तीच आहे, जाडी मात्र 22 वरून 28 झाली आहे. फिल्मचा रोल 175 मिमी रुंद आहे आणि कटिंग लांबी, म्हणजे एका पाउचसाठी कापली जाणारी फिल्म, 120 आहे.

यंत्रमित्र
दोष इथेच आहे. कटिंग लांबीत वडीची लांबी, तिची जाडी आणि दोन्ही टोकांच्या सीलचे मिळून 20 मिमी बसावे लागतात. पूर्वी 112 लागत होते, म्हणजे 8 मिमी ढिलाई होती. आता 118 लागतात. रुंदीला तर वडीचा घेर 156 आणि मधल्या (पाउचच्या लांबीभर जाणाऱ्या) सीलचे 20 मिळून 176 होतात, म्हणजे रोलच अपुरा पडतो. हाताने कापताना एखादी वडी मिलिमीटरभर जाड निघाली की फिल्म ताणली जाते आणि सील गरम असतानाच सुटते. छापील रोलवर आय-मार्कचे (कुठे कापायचे ते यंत्राला दाखवणाऱ्या खुणेचे) अंतर ठरलेले असल्याने कटिंग लांबी वाढवता येणार नाही. 100 ग्रॅमसाठी 190 रुंदीचा आणि 130 लांबीचा नवा रोल छापून घ्या.

वजनमाप_सल्ला
जुन्या रोलवर 75 ग्रॅम छापलेले असेल. त्यावर 100 ग्रॅमचे स्टिकर लावत असाल तर थांबा. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार छापील घोषणा स्टिकरने बदलता येत नाही. अपवाद फक्त किंमत कमी करण्याचा आहे.

सागरकन्या_रत्नागिरी
स्टिकरच लावत होतो, आजच थांबवते. सोमवारच्या ऑर्डरला 75 ग्रॅमचीच वडी देते. दुकानदार तयार आहेत. पण 28 मिमीच्या सातशे वड्या कापून पडल्या आहेत, त्यांचे काय करावे?

यंत्रमित्र
एक लाकडी साचा करून तारेने 6 मिमीचा थर काढा, प्रत्येक वडीचे वजन तपासा आणि निघालेले काप पुढच्या घाण्यात वितळवून वापरा. जॉ 28 साठी वर घेतला असेल तर तो पुन्हा वडीच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे पट्ट्यापासून 11 मिमीवर आणा आणि तापमान 145 वर ठेवा.