मदत हवी आहे: बर्ड्सव्हिल ट्रॅकने कोणी गेलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही ॲडलेडला असतो. जुलैत आईबाबांना घेऊन बर्ड्सव्हिलला जायचं चाललंय. सिम्प्सन वाळवंटाच्या कडेचं, जेमतेम शे-सव्वाशे वस्तीचं गाव. १८८४ सालचं हॉटेल, आणि पुढे ३५ किलोमीटरवर ‘बिग रेड’ ही लाल वाळूची टेकडी. बाबांना तीच बघायचीय.

बर्ड्सव्हिल ट्रॅक म्हणजे मरी गावापासून बर्ड्सव्हिलपर्यंतचा ५०० किलोमीटरहून जास्त कच्चा रस्ता, मध्ये डिझेल फक्त मंगेरॅनीला. एक स्टेपनी पुरते की दोन न्याव्यात? टायरमध्ये हवा किती ठेवता? पाऊस झाला की रस्ता बंद करतात. तुमच्यापैकी कोणी असं अडकलंय का, आणि किती दिवस? मुख्य म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना हा प्रवास झेपेल का? जेवणाची चिंता नाही, आईने भाजणी आत्तापासूनच दळून ठेवलीय.