ग्रोव्हनर घराण्याची श्रीमंती: कर्तृत्वाची की कायद्याच्या आडोशाची?

चौकस
ऑगस्ट २०१६ मध्ये ब्रिटनच्या ग्रोव्हनर घराण्याचे प्रमुख, वेस्टमिन्स्टरचे सहावे ड्यूक वारले आणि २५ वर्षांचा मुलगा ह्यू सातवा ड्यूक झाला. किताबाबरोबर सुमारे ९ अब्ज पौंडांची इस्टेट आली. ब्रिटनमध्ये वारसा कराचा दर ४० टक्के आहे. पण ग्रोव्हनरांची बहुतेक मालमत्ता ट्रस्टमध्ये, त्यामुळे तिला तो एकरकमी लागलाच नाही. माझं मत स्पष्ट आहे: ही दौलत एका लग्नातून आली आणि कायद्याच्या आडोशाने टिकली.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगच्या साथीत अलेक्झांडर डेव्हिस नावाचा दस्तलेखक गेला. ह्यू ऑडली या बड्या सावकाराकडून आलेली जमीन त्याच्या तान्ह्या मुलीच्या, मेरीच्या नावावर झाली. शहराच्या पश्चिमेला सुमारे ५०० एकर, कुरणं आणि दलदल. आधी लॉर्ड बर्कलीच्या मुलाशी तिचं ठरलं होतं, ते पैशांवरून फिसकटलं. मग १६७७ मध्ये, १२ व्या वर्षी, तिला चेशायरच्या सर थॉमस ग्रोव्हनरला दिलं. तो २१ वर्षांचा. आजचे मेफेअर आणि बेल्ग्रेव्हिया हे लंडनचे महागडे भाग याच जमिनीवर उभे आहेत.

१७०० मध्ये नवरा गेला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये एकाने 'हिचं माझ्याशी लग्न झालंय' असा दावा ठोकला. तो निकालात निघायला १७०५ उजाडलं. मेरीला वेडी ठरवलं गेलं आणि १७३० मध्ये मरेपर्यंत तिचा कारभार दुसऱ्यांच्याच हाती राहिला. या घराण्याच्या कर्तृत्वाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी या बाईची हकिकत वाचावी.

थेम्सकाठ
असहमत. मेरीवर अन्याय झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण जमीन नशिबाने मिळाली म्हणून त्यावर शहर आपोआप उभं राहत नाही. १७२० च्या दशकात ग्रोव्हनर स्क्वेअरची आखणी झाली. पुढे शंभरेक वर्षांनी टॉमस क्युबिटने बेल्ग्रेव्हिया बांधलं. तिथली पाणथळ जागा भरायला सेंट कॅथरिन डॉकच्या खोदाईची माती आणली होती. रस्त्यांची रुंदी, मधल्या बागा, दर्शनी भाग, सगळ्यावर जमीनदाराची अट. तुकड्यातुकड्याने विकून टाकली असती तर हे झालं नसतं.

आणि लंडनमधली पेज स्ट्रीट विसरू नका. १९२८ च्या पुरानंतर तिथल्या गलिच्छ वस्तीच्या जागी दुसऱ्या ड्यूकने दिलेल्या जमिनीवर कामगारांसाठी इमारती झाल्या. वास्तुविशारद ल्यूटेन्सने आराखडा केलेल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या भिंतींच्या. करारात अट होती की घरं कामकरी वर्गासाठीच. वेस्टमिन्स्टर कौन्सिलला पुढे ती विकायची होती. 'कामकरी वर्ग' हे शब्द आता कालबाह्य झाले, असं कौन्सिलने कोर्टात मांडलं. सहावे ड्यूक विरोधात उभे राहिले आणि १९९० मध्ये जिंकले. गरिबांच्या घरांसाठी लढला तो ड्यूक, लोकांनी निवडून दिलेलं कौन्सिल नव्हे!

जमाखर्च
पेशाने सीए असल्यामुळे हे घराणं मला वेगळ्याच कारणाने माहीत आहे. दुसरे ड्यूक घरच्या माळ्याला आणि इतर नोकरांना पगाराऐवजी सात वर्षांच्या कराराने ठरावीक रक्कम देत. कागदावर तो पगार नसल्याने ती रक्कम उत्पन्नातून वजा व्हायची आणि कर वाचायचा. आयकर खात्याने हरकत घेतली, १९३५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) ड्यूकच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या चौकटीत राहून आपला कर कमी करायचा प्रत्येकाला हक्क आहे, हे तत्त्व तिथून आलं. आपल्याकडे १९८५ च्या मॅकडॉवेल खटल्यात न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डींनी त्याला मूठमाती द्यायला सांगितलं. २०१२ मध्ये व्होडाफोनच्या निकालात ते पुन्हा उभं राहिलं. तेव्हा चौकस, राग ड्यूकवर कशाला? पळवाट ठेवली संसदेने.

ओसरी
जमाखर्च, संसद कोणाची होती हेही सांगा ना! हे जमीनदार स्वतःच लॉर्ड्समध्ये बसत होते.

इथे घरमालकीची पद्धत समजून घेतली पाहिजे. जमीन ९९ वर्षांसारख्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, घर दुसऱ्याने पदरच्या पैशाने बांधायचं, मुदत संपली की जमीन घरासकट ड्यूककडे. १९६७ च्या कायद्याने भाडेपट्टेदारांना घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. आपला कूळकायदा आठवावा असाच हा प्रकार. बेल्ग्रेव्हियातली सुमारे ८० घरं हातची गेली तेव्हा ग्रोव्हनर विश्वस्त थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये हरले. १९९३ मध्ये तोच हक्क फ्लॅटवाल्यांना मिळतोय म्हटल्यावर सहाव्या ड्यूकनी हुजूर पक्ष सोडला. पेज स्ट्रीटचे भाडेकरू जवळचे आणि बेल्ग्रेव्हियाचे परके, असं का?

थेम्सकाठ
कारण पेज स्ट्रीटला करार पाळायचा होता आणि बेल्ग्रेव्हियात मोडायचा होता. दोन्हीकडे ड्यूकचं म्हणणं एकच: लिहून दिलंय ते पाळा. बेल्ग्रेव्हियाचा भाडेपट्टेदार हा काही कोकणातला खोताखाली पिचलेला कूळ नव्हे, तो स्वतःच गडगंज होता.

आणि काहीच गमावलं नाही म्हणता? १९२१ मध्ये गेन्सबरोचं 'ब्लू बॉय' हे चित्र विकलं. घराण्याचा लंडनमधला वाडा, ग्रोव्हनर हाउस गेलं, तिथे हॉटेल झालं. पिम्लिको हा लंडनचा भागही गेला.

चौकस
विकलं, तरी गाभा शाबूत. चौथे ड्यूक १९६७ मध्ये वारले. १९४४ मध्ये ते युद्धात जखमी झाले होते. त्या जखमेचा मृत्यूला हातभार लागला, म्हणून मृत्युकर माफ व्हावा, असा दावा विश्वस्तांनी लावला आणि तो जिंकला. जखम खरी होती, सैनिकाचा मान राखलाच पाहिजे. पण हीच सवलत मागायला २३ वर्षांनंतर साध्या शिपायाच्या विधवेला असे वकील कुठून परवडणार? आणि परवडले तरी तिच्याकडे माफ करून घ्यायला असतं काय?

जमाखर्च
ट्रस्टला अगदीच मोकळं सोडलेलं नाही. दर दहा वर्षांनी जास्तीत जास्त ६ टक्के कर बसतो.

ओसरी
पिढी तीस वर्षांची धरली तर तीनदा ६, म्हणजे १८. इतरांना ४०. तुमचाच हिशेब!

आणि २०१६ मध्ये ह्यूला दोन थोरल्या बहिणी होत्या. मेरीच्या जमिनीवर वाढलेल्या घराण्यात किताब आजही फक्त मुलाकडेच जातो. हे बदलायचं तर कायदाच बदलायला हवा, त्यावर थेम्सकाठ आणि मी एकत्र येऊ शकतो का?

थेम्सकाठ
यावर नक्कीच. बाकी मुद्द्यांवर मी जागचा हललेलो नाही.