मदत हवी आहे: क्रूझवरून मिस्टरी आयलंडला एक दिवस. आईला उतरवावं का?

जुलैत सिडनीहून दक्षिण पॅसिफिकची क्रूझ घेतोय. त्यात एक दिवस व्हानुआतूमधलं मिस्टरी आयलंड आहे (तिकडचं नाव इनयेउग). बरोबर आई, वय ७१, दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा बदललाय. आणि लेक, वय ८, तिला फक्त कासव बघायचंय.

वाचून एवढं कळलं की बेटावर कायमची वस्ती नाही, वीज नाही, नळ नाही. जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि टेंडरने, म्हणजे लहान बोटींनी, किनाऱ्यावर नेतात. माझी सगळी धास्ती त्या टेंडरची आहे. आई जिना उतरते, पण कठडा धरून, एकेक पायरी. बहीण म्हणते, "आईला जहाजावरच राहू दे, तिला कुठे पोहायचंय?" आई यावर काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी उन्हाची टोपी विकत घेऊन आली.

कोणी तिथे जाऊन आलंय का? उतरणं कितपत अवघड आहे? पोहता न येणाऱ्या माणसाने तिथे दिवसभर करायचं काय? आणि सोबत पैसे कुठले ठेवायचे?

— खारावारा

लाटालोट: आम्ही जाऊन आलोय, सासऱ्यांना घेऊन. जहाजाच्या पोटाशी एक दार उघडतं, तिथे फळी असते आणि फळीला लागून बोट वरखाली होत असते. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी दंडाला धरतात. बोट फळीच्या पातळीला आली की "आता" म्हणतात, तेव्हा एक पाऊल टाकायचं, बस्स. चूक एकच होते. माणूस खाली बघत थांबतो, तोवर बोट पुन्हा खाली जाते. आईंना सांगा, पायाकडे न बघता खलाशाच्या तोंडाकडे बघायचं. हातात पिशवी, काठी काही नको, काठी आधी पुढे द्यायची. कुठला पाय आधी टाकायचा ते मात्र त्यांच्या फिजिओला विचारून ठेवा.

समुद्र खवळलेला असेल तर कप्तान बेटच रद्द करतो, हेही मनात धरून चला. आमच्या आधीच्या खेपेला तसंच झालं. मुलं रडली, मी बुफेत जाऊन बसले.

मधला बाक: टेंडरसाठी नंबर लावावा लागतो. पहिल्या तासात झुंबड असते, आईंना त्यात नेऊ नका. गर्दी ओसरली की जा, आणि परत येताना शेवटच्या बोटीची वाट बघू नका. घड्याळाचं सांभाळा. जुलैत व्हानुआतू सिडनीच्या एक तास पुढे असतं आणि फोन स्वतःहून वेळ बदलू शकतो. जहाजाची वेळ कुठली ते आदल्या रात्री विचारा आणि मनगटावर तीच ठेवा.

पैशाचं म्हणाल तर तिथलं चलन वातू, पण ऑस्ट्रेलियन डॉलर सर्रास घेतात. सुट्ट्या, लहान नोटा न्या. कार्डावर विसंबू नका.

क्रूझ संपताना परत ऑस्ट्रेलियात शिरायचंय, तर आईंचा तिकडचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री, म्हणजे पुन्हा प्रवेश देणारा, आहे ना? आधी ते बघा, गुडघा नंतर.

चटकचांदणी: पोहता येत नसेल तर करायचं काय, यावर मी बोलते, कारण मलाही येत नाही. बेटाच्या मधोमध गवताची धावपट्टी आहे, शेजारच्या अनेइत्युम बेटाचं विमान तिथे उतरतं. वाळूत गुडघेवाल्यांचे हाल होतात, या गवतावर चालायला बरं. सगळं बेट रमतगमत तासाभरात फिरून होतं. जहाज येतं त्या दिवशी अनेइत्युमची माणसं होड्यांतून येऊन दुकानं मांडतात, कोणी केसांच्या वेण्या घालून देतं. एका मोठ्या हंड्यात पर्यटकांना बसवून "नरभक्षकांचा रस्सा" असा फोटोही काढतात. मला ते पटलं नाही, पण त्यांचा धंदा, त्यांची गंमत. निघताना "टँक्यू तुमास" म्हणा, बिस्लामात, म्हणजे तिथल्या भाषेत, "खूप आभार".

आईंना सावलीतली जागा आधी धरून द्या. शौचालयाची सोय अगदी साधी आहे, जहाजावरून जाऊन आलेलं बरं.

लाटालोट: कासवाचं राहिलंच. खात्री कोणी देऊ शकत नाही. आम्हाला एक दिसलं, तेही समुद्री गवतावर चरताना, आणि आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पण लेकीला सांगा, पाण्यात डोकं घातलं की "कट कट" आवाज ऐकायचा. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा तो आवाज. पचलेलं प्रवाळ वाळू होऊन बाहेर पडतं, तिथली पांढरी वाळू बरीचशी त्यांचीच.

टेंडर लागतात त्या छोट्या धक्क्याच्या बाजूला, दोन बेटांच्या मधे, पाणी शांत असतं. मोकळ्या समुद्राच्या बाजूला तिला नेऊ नका. पायात रीफ शूज, म्हणजे पाण्यात घालायचे बूट, हवेतच, आणि भरतीची वेळ गाठा. ओहोटीला पोट प्रवाळाला घासतं. प्रवाळावर उभं राहायचं नाही, शिंपले उचलायचे नाहीत, तो भाग राखीव आहे. उन्हाच्या क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट बरा. लाकडाची वस्तू घेतलीत तर सिडनीत उतरताना फॉर्मवर लिहा.

खारावारा: सगळ्यांचे आभार! व्हिसा तपासला, मल्टिपल आहे. फिजिओ म्हणाले, चढताना चांगला पाय आधी, उतरताना बदललेला. आता आई रोज संध्याकाळी खालच्या पायरीवर उभी राहते, माझी लेक तिचा दंड धरून "आता!" ओरडते आणि आई पाऊल टाकते. खाली अजून बघतेच.

एकच राहिलं. जहाजावर परतताना उलटा प्रकार असतो ना, बोटीतून वर फळीवर? ते जास्त अवघड की कमी?