४२ इंची प्लाझ्मा घेऊ की ५० इंची? दोन्ही जुने आहेत

शहापूरचा पोऱ्या:
नमस्कार मंडळी, आमचा डबडा टीव्ही गणपतीच्या आधी बदलायचाय पण नवीन मोठा घ्यायचं बजेट नाही. दोन जुने प्लाझ्मा मिळायलेत. एक बाबांच्या खानापूरच्या मित्राकडचा ४२ इंची, एचडी रेडी, १०२४ बाय ७६८ पिक्सेल, पाच हजार म्हणायलेत. दुसरा मामांचा ५० इंची फुल एचडी, ते पुण्याला पोराकडं निघालेत म्हणून फुकट देतो म्हणतात. त्याच्यावर ६०० हर्ट्झ लिहिलंय, एलईडीवर तर ६० नाहीतर १२० असतं, म्हणजे हा लई भारी काय? बाबा म्हणतात फुकटचं राहू दे, लाईट बिल बघ आधी. आमच्यात क्रिकेट, आईच्या मालिका आणि रात्री पिक्चर एवढंच. सांगा की कोणीतरी.

निपाणी रिपेरी:
६०० हर्ट्झचं मनावर घेऊ नकोस रे, प्लाझ्मात एकेका फ्रेमचे बारके तुकडे करून पेटवतात त्याचा तो आकडा आहे, एलईडीच्या आकड्याशी तुलनाच नाही. पण बॉल मारला की मागं शेपूट दिसत नाही हे मात्र खरं, आणि काळा रंग बघशील तर त्यावेळच्या एलसीडीपेक्षा कितीतरी गडद. ४२ इंचीत पिक्सेल चौरस नसतात, आडवे लांबट असतात, म्हणून १०२४ असूनही चित्र ताणलेलं दिसत नाही. दहा फुटांवरून मालिका बघताना फुल एचडीचा फरक कळायचा नाही. अडचण पार्टची. पॅनासोनिकनं २०१३ अखेरीस पॅनल करणं थांबवलं, सॅमसंग, एलजीनं २०१४ ला. बोर्ड गेला की जुन्यातला शोधत बसायचं.

टिळकवाडीकर:
बाबांचं बरोबर आहे. ५० इंची सरासरी २०० वॅट धर, रोज ५ तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. तेवढाच एलईडी ८० वॅट धरला तर १२. गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, आहे म्हणून निवांत राहू नको, २०० युनिट सरसकट फुकट नाहीत, २०२२-२३ च्या सरासरीत थोडे वाढवून प्रत्येकाची मर्यादा ठरवलीय. आणि २०० च्या वर गेलास तर अख्खं बिल.

खानापूरकर अण्णा:
पोरा, आकडे राहू देत, आधी काच बघ. पेनड्राइव्हवर नुसता लाल, नुसता पांढरा, नुसता राखाडी असे फोटो घेऊन जा आणि दारं-खिडक्या लावून फुल स्क्रीन कर. डाग दिसला तर तासभर हलतं चित्र लावून परत बघ, गेला तर ठीक, नाहीतर तो जळलेला, तो काय जात नाही. मागं कान लावून घूंऽऽ आवाज किती येतोय तेही ऐक. आणताना उभाच आण, आडवा टाकलास तर काच जायची. वजन २५-३० किलो असतंय, मातीच्या भिंतीला टांगू नको.

शहापूरचा पोऱ्या:
अण्णा, काल मामांकडं जाऊन आलो. लाल फोटो लावला आणि खाली आडवी पट्टी, वर कोपऱ्यात चौकोन, एकदम ठळक. मामा दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावून बसतात. मामी म्हणाली, "मी सांगत होते की नाही," मामा काय न बोलता चहा आणायला आत गेले. तासभर गाणी लावली तरी पट्टी तशीच. मग ४२ इंचीच बघून आलो, स्वच्छ आहे, साडेतीन हजारांत ठरला. रविवारी ओम्नीतनं उभा आणायलोय. स्टँडचे स्क्रू त्यांना सापडेनात, कोणाकडं पडून असले तर सांगा.