मदत हवी आहे: दुरुस्ती गाडीतली क्रेन सांध्यांवर हमखास घसरते

रूळकरी (धागाकर्ता)
नमस्कार. माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी (रुळांच्या छोट्या मांडणीसाठी) रूळ दुरुस्तीची गाडी जुळवण्याचे काम गेले तीन आठवडे चालू आहे आणि आता माझा संयम संपत आला आहे. गाडीत वाफेची क्रेन, तिच्या बूमखालची (लांब उचल-दांड्याखालची) सपाट वाघीण, अवजारांचा डबा, रूळ वाहणारी वाघीण, स्लीपरांची (रुळांखालच्या आडव्या ठोकळ्यांची) उघडी वाघीण, खडीचे दोन हॉपर (तळातून रिकाम्या होणाऱ्या वाघिणी), कामगारांचे राहण्याचे दोन डबे आणि शेवटी गार्डचा डबा आहे. सरळ रुळांवर गाडी उत्तम चालते. यार्डाच्या तोंडाशी असलेल्या सांध्यांवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागांवर) मात्र क्रेन किंवा तिची वाघीण, दोहोंपैकी एक, दर वेळी घसरते. सांध्यांत दोष नाही, कारण त्यांवरून माझी सोळा वाघिणींची मालगाडी रोज विनातक्रार जाते. डब्यांचा क्रम चुकला आहे का, एवढेच मला हवे आहे. रूळ पुसून घ्या, असे कृपया कोणी सांगू नये. ते झाले आहे.

सांधेवाला
आपण डब्यांची यादी दिली आहे, पण ज्यावरून निदान करता येईल असे तीत काहीच नाही. स्केल कोणते? वळणाची त्रिज्या किती? क्रेन घसरते तेव्हा इंजिन गाडी ओढत असते की ढकलत असते? पहिले चाक कोणत्या बोगीचे (वाघिणीखालच्या फिरत्या चाकगाड्याचे) उतरते आणि ते सांध्याच्या जिभेपाशी (सरकत्या निमुळत्या रुळापाशी) उतरते की फ्रॉगपाशी (दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे)? जिभेपाशी उतरत असेल तर जीभ मूळ रुळाला नीट टेकत नसावी. फ्रॉगपाशी उतरत असेल तर चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे लागेल. एचओ स्केलमध्ये (खऱ्या गाडीच्या १/८७ मापात) ते साधारण १४.४ मिलिमीटर असते. मालगाडी जाते एवढ्यावरून सांधा निर्दोष ठरत नाही.

वजनदार
असल्या तक्रारींच्या मुळाशी मला तरी बहुतेक वेळा वजनच सापडले आहे. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस अशी आहे, की एचओ स्केलच्या वाघिणीचे वजन सुरुवातीचे २८ ग्रॅम आणि त्यावर लांबीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे ५.६ ग्रॅम असावे. म्हणजे १५ सेंटिमीटर लांबीच्या सपाट वाघिणीला साधारण ११२ ग्रॅम हवेत. विकतची सपाट वाघीण क्वचितच तेवढी भरते, कारण वजन दडवायला तिच्यात जागाच नसते. मी माझ्या वाघिणीच्या तळाला शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि वर जॅक, साखळदंड, लाकडी ठोकळे असा पसारा मांडून उरलेले वजन त्यात लपवले. आधी वजनकाट्यावर ठेवून बघावे, मग पुढचे बोलू.

रूळकरी (धागाकर्ता)
स्केल एचओ आहे. ते सगळ्यांनी गृहीत धरले असेल असे मला वाटले होते. वळण ४५७ मिलिमीटर त्रिज्येचे आहे. इंजिन ओढत असताना गाडी कधी कधी वाचते, ढकलत असताना कधीच नाही. इंजिनानंतर सपाट वाघीण, मग क्रेन, आणि बूम इंजिनाच्या दिशेने. क्रेन २१० ग्रॅम आणि वाघीण ४८ ग्रॅम भरली. पहिले चाक वाघिणीच्या क्रेनकडच्या बोगीचे उतरते. जागा म्हणाल तर जिभेपाशीही नाही आणि फ्रॉगपाशीही नाही. एक डावा आणि एक उजवा असे दोन सांधे लागोपाठ आहेत, त्यांच्या मधल्या तुकड्यावर ते उतरते. माझा प्रश्न क्रमाविषयी होता आणि त्याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.

क्रमवारी
क्रमाचे उत्तर मी देते, मात्र ते आपल्याला आवडेल असे नाही. आपली गाडी म्हणजे दोन गाड्यांची सरमिसळ आहे. मोठी वाफेची क्रेन मुख्यतः अपघातानंतर डबे उचलायला किंवा पुलाचे गर्डर बसवायला निघत असे, तर खडी, स्लीपर आणि रूळ यांची गाडी रोजच्या दुरुस्तीची असते. दोन्ही एकत्र दाखवायच्याच असतील तर कामाच्या जागी कोण आधी पोहोचायला हवे, याचा विचार करावा. क्रेन गाडीच्या मधोमध अडकली तर ती काहीच उचलू शकणार नाही. ती एका टोकाला हवी आणि इंजिनाने तिला ढकलत जागेवर न्यायला हवे. खडीचे हॉपर सावकाश चालता चालताच रिकामे होतात, म्हणून ते सुटे काढता येतील असे ठेवावेत. राहण्याचे डबे तर कामाच्या जागी नेतच नाहीत, ते जवळच्या सायडिंगवर सोडून गाडी पुढे जाते. आपण ते डबे गाडीला कायमचे जोडून फिरवत असाल, तर गाडी विनाकारण लांब होत आहे.

जुनी_वाघीण
डब्यांच्या रूपाविषयी कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. दुरुस्ती गाडीचे सौंदर्य तिच्या भंगारपणात आहे. अशा गाडीत निवृत्त झालेले प्रवासी डबे कामगारांची घरे होतात आणि जुन्या वाफेच्या इंजिनांचे टेंडर (मागचे कोळसा-पाण्याचे डबे) पाण्याच्या टाक्या होत असत. अमेरिकेत १९४०च्या सुमारास आर्चबार बोगीच्या (लोखंडी पट्ट्या जोडून केलेल्या जुन्या पद्धतीच्या बोगीच्या) वाघिणी दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवर पाठवणे बंद झाले, पण कंपनीच्या स्वतःच्या कामाच्या वाघिणींवर त्या बोगी पुढेही दिसत राहिल्या, कारण त्या वाघिणी घर सोडून जातच नव्हत्या. आपल्या सर्व डब्यांवर एकाच वर्षीचा चकचकीत रंग असेल तर गाडी खेळण्यासारखी दिसेल. एका डब्याच्या रंगाखालून जुन्या मालकाचे पुसट अक्षर दिसू द्यावे.

सांधेवाला
जुनी_वाघीण, रंगामुळे चाक उतरत नाही. आधी गाडी रुळावर राहू द्या, मग ती भंगार दिसेल असे पाहू.

रूळकरी (धागाकर्ता)
क्रमवारी यांच्या सांगण्याप्रमाणे राहण्याच्या डब्यांपैकी एक सायडिंगवर सोडला, क्रेन टोकाला नेली आणि बूम पुढे ठेवला. इंजिन मागून ढकलत होते. पहिल्याच फेरीत वाघीण उतरली. त्यानंतर चिकटपट्टीने ६० ग्रॅम वजन लावून पाहिले. चार फेऱ्यांपैकी तीनदा उतरली. क्रेनमध्ये काही ढिले असेल म्हणावे तर तसेही नाही, कारण बूम खडखडू नये म्हणून मी केबिनखालचा स्क्रू पूर्ण आवळला आहे आणि बूमचे टोक वाघिणीवरच्या टेकूला सुपरग्लूच्या एका थेंबाने बसवले आहे.

सांधेवाला
हा थेंब पहिल्याच प्रतिसादात सांगितला असता तर सगळ्यांचे दोन दिवस वाचले असते. आपण क्रेन आणि वाघीण यांचा मिळून एकच लांब, ताठ डबा केला आहे. क्रेनच्या मध्यापासून बूमचे टोक साधारण १४० मिलिमीटरवर असेल असे धरू. ४५७ मिलिमीटरच्या वळणावर केबिन आवळलेली असेल, तर बूम सरळ स्पर्शरेषेत जातो आणि त्याचे टोक रुळांच्या मध्यरेषेपासून बाहेर सुमारे २१ मिलिमीटर सरकू पाहते. वाघीण मात्र रुळांबरोबर आत वळते. टोक चिकटवलेले असल्यामुळे ते वाघिणीला बाहेर ओढते, आणि उलटसुलट वळणावर हीच ओढ एका क्षणात दिशा बदलते. मधल्या तुकड्यावर क्रेनकडची बोगी उचलली जाते, त्याचे कारण हेच आहे.

थेंब तोडावा आणि केबिनचा स्क्रू केबिन बोटाच्या हलक्या धक्क्याने फिरेल इतका सैल करावा. नुसता थेंब तोडून स्क्रू तसाच ठेवला, तर गाडी रुळावर राहीलही, पण टोक वाघिणीच्या कडेबाहेर जाऊन बोगद्याच्या भिंतीला किंवा सिग्नलला धडकेल. टेकूवर दोन्ही बाजूंना ठेंगणे अडसर बसवावेत, म्हणजे बूम आडवा घसरणार नाही. पुढेमागे सरकायला मात्र त्याला मोकळीक हवी, कारण कपलरच्या (डबे जोडणाऱ्या आकड्याच्या) ढिलाईमुळे आणि वळणामुळे क्रेन आणि टेकू यांच्यातील अंतर सतत बदलत असते. तसे केले नाही तर बूमच दुसरा कपलर होऊन बसतो.

वजनदार
हे सर्व मान्य आहे, पण वजनाकडे दुर्लक्ष करू नये. केबिन सैल झाली की बूमचा थोडा भार टेकूवर येईल, तरीही ४८ ग्रॅमची वाघीण २१० ग्रॅमच्या क्रेनपुढे ढकलली जाणे मला पटत नाही.

क्रमवारी
मला अजून एक शंका आहे. वाघिणीच्या दोन्ही बोगी सारख्याच आवळलेल्या आहेत का? एक बोगी नुसती फिरेल इतपत आवळावी आणि दुसरी डावीउजवीकडे किंचित डुलेल इतकी सैल ठेवावी, म्हणजे वाघीण तीन पायांच्या तिवईसारखी रुळावर बसते. दोन्ही घट्ट असल्या, की रुळात थोडीशी पीळ आली तरी एक चाक हवेत राहते.

रूळकरी (धागाकर्ता)
थेंब तोडताना टेकूचा एक पाय मोडला, तो पितळी तारेचा नवा केला. केबिनखाली पातळ वॉशर घालून स्क्रू सैल ठेवला. दोन्ही बोगी खरोखरच घट्ट होत्या. एक सैल केली. एवढे करून इंजिनाने ओढत दहा फेऱ्या केल्या, एकदाही घसरली नाही. ढकलत दहापैकी दोनदा घसरली. मग चिकटपट्टीचे ६० ग्रॅम पक्के बसवले आणि पुन्हा दहा फेऱ्या ढकलत नेल्या. त्या सगळ्या सुखरूप पार पडल्या. वजनदार यांनी एवढ्यावरून विजय जाहीर करू नये, कारण थेंब तोडण्यापूर्वी याच ६० ग्रॅमनी काहीही साधले नव्हते.

वजनदार
जाहीर करणार नाही, पण शेवटच्या दोन घसरण्या कशाने थांबल्या, हे आपणच लिहिले आहे.

क्रमवारी
आणि राहण्याचे डबे?

रूळकरी (धागाकर्ता)
सायडिंगमध्ये एकच मावतो. दुसरा सध्या गार्डच्या डब्यामागे जोडलेला आहे आणि क्रेनच्या कामाला त्याचा अडथळा नाही. जुनी_वाघीण यांनी सांगितलेले पुसट अक्षर त्याच्यावरच करून पाहणार आहे.