शब्दचर्चा : सिग्नल ‘वाढवणे’, ‘निवळणे’ की ‘वेचणे’?

सिंटिलेटर डिटेक्टरवर मराठीत टिपण लिहिते आहे. किरण स्फटिकात शिरला की क्षणभर उजेड होतो आणि फोटोमल्टिप्लायर त्याची विजेची पल्स करतो. ही पल्स चांगली करण्याला मी खर्ड्यात ‘सिग्नल वाढवणे’ लिहिलं, आता तेच खटकतंय. ‘संकेतगुणवत्तावर्धन’ तर मला स्वतःलाच वाचवत नाही. ‘निवळणे’ चालेल का?

प्रतिसाद 1
‘वाढवणे’ काढाच, अर्थच चुकतो. सीझियम-137चा 662 केईव्ही ऊर्जेचा गॅमा किरण घ्या. थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडमध्ये त्याचे साधारण 25,000 प्रकाशकण होतात. काही वाटेतच जिरतात. फोटोकॅथोडवर, म्हणजे फोटोमल्टिप्लायरच्या तोंडाशी उजेडाचे इलेक्ट्रॉन करणाऱ्या थरावर, पोचलेल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाचे इलेक्ट्रॉन होतात. कोणत्या उंचीच्या किती पल्स आल्या याचा आलेख काढला, की या गॅमाचं एक शिखर दिसतं; त्याची रुंदी बरीचशी इथेच ठरून जाते. पुढे फोटोमल्टिप्लायरचा व्होल्टेज चढवला की पल्स उंच होते, पण शिखरही त्याच पटीत पसरतं. शिखर जिथे आहे त्या उंचीच्या सात टक्के रुंदी होती, ती सातच टक्के राहते.

‘निवळणे’ मला आवडला. गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो, तसा इथेही लागतो. या स्फटिकाचा उजेड सुमारे 230 नॅनोसेकंदांच्या कालमानाने ओसरतो. घाईने मोजलं तर शेवटचा उजेड हिशेबातच येत नाही. फार थांबलं तर नॉईज साचतो, पुढची पल्स आधीच्या पल्सवर चढते. फक्त क्रियापद अकर्मक आहे, हे सांभाळा. पाणी निवळतं, आपण ते निवळू देतो.

प्रतिसाद 2
निवळण्याआधीचं काम राहिलं की! ‘लाइट कलेक्शन’ला सगळे ‘प्रकाशसंकलन’ म्हणतात, मी ‘उजेड वेचणे’ म्हणेन. संकलन आकड्यांचंही होतं. वेचायचं ते विखुरलेलं, एकेक करून. आणि स्फटिकातला उजेड चहूकडे विखुरतोच. म्हणून तर त्याला भोवतीने पांढरं परावर्तक वेष्टन असतं.

माझ्याकडच्या एका जोडणीत शिखर फुगलेलं दिसायचं. दोन दिवस इलेक्ट्रॉनिक्स तपासण्यात गेले. शेवटी फोटोमल्टिप्लायरची नळी सोडवली, तर स्फटिकाच्या डबीची काच आणि नळी यांच्यामधल्या ग्रीसमध्ये नखाएवढा हवेचा बुडबुडा. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, हवेचा एक; तिरपा आलेला उजेड तिथूनच मागे फिरत होता. दोन्ही काचा पुसल्या, ग्रीसचा नवा थेंब मधोमध ठेवला, नळी हलकेच दाबत फिरवत बसवली. शिखर उजवीकडे सरकलं आणि बारीक झालं. व्होल्टेजला हातही लावला नव्हता.

मूळ लेखिका
पटलं. मग वाक्य असं करते: ‘उजेड नीट वेचला आणि पल्सला निवळायला पुरेसा वेळ दिला, की शिखर बारीक होतं.’ ‘बारीक’ ठेवू की ‘अरुंद’?

प्रतिसाद 2
बारीकच. अरुंद म्हटलं की वाट डोळ्यांपुढे येते.