नारळीकर सर, यशपाल, कर्नाड: दूरदर्शनवरून घरी रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस कॅसेट वाचवायच्या आहेत

रानफूल_सातारा:
खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल २०१७ मध्येच गेले होते, नाटककार-अभिनेते गिरीश कर्नाड २०१९ मध्ये. नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीच्या पडद्यावरून पोरांना विज्ञानाची गोडी लावली, ती तिन्ही माणसं आता नाहीत. घरात सात कॅसेट आहेत. लेबलांवर 'टर्निंग पॉइंट', 'ब्रह्मांड' (दोन्ही दूरदर्शनच्या विज्ञानमालिका) आणि 'ग्रहण' एवढंच लिहिलंय. सगळ्या ई-१८०, म्हणजे तीन तासांच्या. दोन कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. व्हीसीआर आहे, पण बरीच वर्षं चालवलेला नाही. सुरुवात कुठून करायची? आणि कुठल्या कॅसेटवर कधीचं रेकॉर्डिंग आहे हे कसं ओळखायचं?

रिळवाला:
आधी एक गोष्ट, अगदी कळकळीने सांगतो: पांढरी भुकटी असलेल्या कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. 'बघू तरी चालते का' म्हणून एकदासुद्धा नाही. ती बुरशी आहे. ती व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते, मग त्याच मशीनमध्ये घातलेल्या पाच चांगल्या कॅसेटनाही लागते. शिवाय बुरशीने टेपचे पदर एकमेकांना चिकटलेले असले, तर मोटर ओढते आणि टेप तुटते.

त्या दोन आजच वेगळ्या काढा. हवाबंद डब्यात साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल टाकून दोन-तीन आठवडे ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, ओलावा शोषून झाला की ते निळ्याचं गुलाबी किंवा केशरीचं हिरवं होतं. रंग बदलला की बाहेर काढून १२० अंशांवर दोन तास तापवायचं आणि परत वापरायचं. इतकी वाट बघायची कारण ओली बुरशी पुसायला गेलं की टेपवर फासली जाते. वाळलेली भुकटी सहज निघते.

मग गॅलरीत किंवा अंगणात, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून बसा. घरात, पंख्याखाली अजिबात नको. कॅसेट उलटी ठेवा, खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात ते काढा, कॅसेट घट्ट धरून सुलटी करा आणि मग वरचं झाकण उचला. उचलताक्षणी फोटो काढा. आत रिळाचे ब्रेक आणि बारीक स्प्रिंग असते. ती उडाली आणि फोटो नसला, तर परत बसवताना अर्धा दिवस जातो. रिळाच्या कडा धागे न सोडणाऱ्या कापडाने आधी कोरड्या पुसा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचं मिळतं, ते नको, त्यात पाणी असतं. पूर्ण सुकल्यावर दोन्ही रिळं दुसऱ्या स्वच्छ ई-१८० च्या सांगाड्यात बसवा. जुना सांगाडा फेकून द्या, बुरशी त्याच्या कानाकोपऱ्यात राहते.

चांगल्या पाच कॅसेटचं काम सोपं आहे. मागच्या कडेला डाव्या हाताला प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, ती तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. प्ले करण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेल्या टेपचा ताण सैल-घट्ट झालेला असतो, गुंडाळल्यावर तो सारखा होतो.

व्हीसीआरचं हेड: साधा पांढरा कागद किंवा शामॉय चामडं अल्कोहोलने ओलं करून ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला) स्थिर धरा आणि ड्रम हाताने हळू फिरवा. कापड वरखाली घासायचं नाही, हेड तुटतं. कापसाच्या काड्याही नकोत, धागा अडकतो. रबरी रोलरला अल्कोहोल कमीत कमी लावा, नाहीतर रबर कडक होतं. पहिली चाचणी कायम एखाद्या टाकाऊ कॅसेटवर.

पटवर्धन_बाग:
वरचं सगळं बरोबर. एकच भर घालतो. टेप मध्येच तुटली तर सेलोटेप लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाघळतो आणि हेडवर बसतो. स्प्लायसिंग टेप वेगळी मिळते, तीच वापरा, आणि ती टेपच्या मागच्या बाजूला लावायची, हेडला लागणाऱ्या बाजूला नाही. जोडाच्या आसपासचा एखादा सेकंद गेला तरी चालेल.

आता कॉम्प्युटरवर घेण्याबद्दल. व्हीसीआरच्या मागून पिवळी आणि पांढरी पिन, एस-व्हिडिओ (चित्र जास्त स्वच्छ देणारी वेगळी गोल पिन) असेल तर पिवळीऐवजी ती. भारतातलं प्रक्षेपण पाल पद्धतीचं, म्हणून कॅप्चर सेटिंग ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (म्हणजे एकाआड एक ओळींनी बनणारं चित्र). सेटिंग एनटीएससीवर (अमेरिकेतल्या पद्धतीवर) राहिलं तर चित्र काळंपांढरं किंवा गडगडणारं येतं, आणि लोक टेप खराब समजून टाकून देतात. व्हीसीआरमध्ये 'ब्लू बॅक' असेल तर बंद करा, नाहीतर सिग्नल जरा कमकुवत झाला की निळा पडदा येऊन तेवढा भाग गेला.

पहिली प्रत लॉसलेस, म्हणजे काहीही तपशील न गमावता साठवलेली घ्या: हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या फॉरमॅटमध्ये. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते. ई-१८० साध्या वेगाने तीन तासांची, एलपीवर, म्हणजे अर्ध्या वेगाने रेकॉर्ड केली असेल तर सहा तासांची. सात कॅसेटना किमान १ टीबी हार्डडिस्क हवी, एलपी निघाल्या तर २ टीबी. घरच्यांना वाटायला नंतर त्याच फाइलवरून सेकंदाला ५० फ्रेमची एच.२६४ (लहान आकाराची, फोनवरही चालणारी) प्रत काढा, ८ एमबीपीएस पुरे.

सगळ्यात जास्त चुकतं ते आवाजाचं. अर्ध्या तासानंतर ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. कारण टेपचा सिग्नल डळमळीत असतो, कॅप्चर कार्ड मधल्या फ्रेम टाकून देतं, पण आवाज मात्र चालूच राहतो. यावर खरा उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळीत सिग्नल स्थिर करणारं उपकरण. तो बाहेरचा महाग पडतो, पण काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसच्या वरच्या दर्जाच्या) मशीनमध्ये आतच असतो, असं मशीन एका महिन्यासाठी मागून आणलं तरी चालेल. चित्राच्या तळाला आठ-दहा ओळी थरथरतात, ती बिघाडाची खूण नाही. तिथे वाचन एका हेडवरून दुसऱ्यावर जातं.

आणि कृपा करून एआयने चित्र 'सुधारू' नका. व्हीएचएसमध्ये आडवे जेमतेम २४० ओळींचे तपशील असतात, बाकीचं ते सॉफ्टवेअर मनाने भरतं. यशपालांचे पांढरे केस प्लॅस्टिकचे दिसायला लागतात आणि चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. आपल्याला तोच चेहरा हवाय.

खगोलवेडी:
ओळखीबद्दल सांगते.

'ग्रहण' लिहिलेली कॅसेट बहुधा २४ ऑक्टोबर १९९५ ची. त्या सकाळी खग्रास पट्टा राजस्थान, आग्रा असा पुढे बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत गेला होता, आणि दूरदर्शनच्या थेट प्रक्षेपणात यशपाल बोलत होते. ग्रासलेला सूर्य, हिऱ्याची अंगठी (सूर्य झाकला जाताना कडेला चमकणारा ठिपका) आणि यशपालांचा आवाज एकत्र सापडला तर शंकाच नको. ही कॅसेट सगळ्यात आधी घ्या. दिवसही पक्का, प्रसंगही पुन्हा न होणारा.

'टर्निंग पॉइंट' मध्ये सूत्रसंचालक म्हणून कर्नाड दिसले तर तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा भाग धरा. प्रेक्षकांनी टपालाने पाठवलेले प्रश्न आणि यशपालांची उत्तरं हा त्यातला गाभा. म्हणून भागांची नोंद तारखेपेक्षा प्रश्नांवरून करा: प्रत्येक प्रश्न कुठल्या मिनिटाला सुरू होतो ते लिहा. वैश्विक किरणांवर काम केलेला, १९७५-७६ च्या साइट प्रयोगातून उपग्रहाने खेड्यापाड्यांत टीव्ही पोचवणाऱ्यांतला हा माणूस शाळकरी पोराचा प्रश्न कसा हातात घ्यायचा, ते अशा यादीतून लगेच सापडतं. 'ब्रह्मांड' हिंदीत आहे आणि नारळीकर स्वतः समजावून सांगतात, ते पहिल्याच मिनिटात कळेल.

जाहिराती आणि मधल्या उद्घोषणा कापू नका. तारखेचा पुरावा बहुतेक वेळा तिथेच मिळतो: सणाची शुभेच्छा, निवडणुकीची सूचना, एखाद्या वस्तूची किंमत.

रानफूल_सातारा:
खूप आभार, तिघांचेही. भुकटीवाल्या दोन आज डब्यात ठेवल्या. एक राहिलं. टाकाऊ कॅसेट लावून बघितली, आवाजात सतत 'हूंऽऽ' येतंय. आणि 'ब्रह्मांड'च्या कव्हरमध्ये नारळीकरांच्या सहीचं एक पोस्टकार्ड निघालं, शाई फिकट झालीय.

पटवर्धन_बाग:
तो ५० हर्ट्झचा घूं आहे, टेपचा दोष नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तरी राहिला तर व्हीसीआरला लावलेली केबल टीव्हीची वायर काढा. आवाज घोगरा आणि दबका असेल तर हेडचा कोन जुळत नाही, दुसरा व्हीसीआर लावून बघा. सॉफ्टवेअरने खरखर साफ करायची तर थोडीच, आणि फक्त वाटायच्या प्रतीत. मूळ फाइलला हात लावायचा नाही. जास्त साफ केलं की शब्दांच्या शेवटचे स आणि श जातात.

खगोलवेडी:
त्या पोस्टकार्डाला जपा! मुलं सही मागायला आली की नारळीकर सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तरासोबत सही मिळेल. तुमचं तसंच असेल तर सहीइतकंच वरचं उत्तरही मोलाचं. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, टपालाच्या शिक्क्यासकट, कारण तारीख त्याच्यावर असते. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही आणि उष्णतेने शाई आणखी उडते. पीव्हीसीचा पाउचही नको, पॉलिएस्टरचा घ्या. काचेच्या फ्रेममध्ये उन्हात टांगू नका, वहीच्या आकाराच्या फाइलमध्ये अंधारात ठेवा. शाई फार फिकट असेल तर स्कॅनच्या प्रतीत लाल, हिरवा, निळा हे थर वेगवेगळे बघा आणि ज्यात शाई सगळ्यात गडद दिसते त्याचा काँट्रास्ट वाढवा, बहुतेक अक्षरं वाचता येतात. वाचून झालं की प्रश्न काय होता ते इथे लिहा.